दुर्बीण कुणाची थांबवायची, कुणाची नाही?

वाचकांचे प्रश्न : पोट आणि यकृत

करोनाच्या साथीत पोटविकारतज्ज्ञांच्या कामाची घडीच बदलली. त्यातलं काय टिकलं, काय टिकायला हवं होतं, याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. रुग्ण, नातेवाईक, नर्स आणि डॉक्टर अशा सगळ्यांनी लिहिलं. उत्तरं पोटविकारतज्ज्ञ, यकृततज्ज्ञ आणि एंडोस्कोपी (दुर्बिणीच्या तपासणीच्या) विभागातल्या अनुभवी नर्स यांनी मिळून दिली आहेत. औषधांच्या मात्रा समजून घेण्यासाठी दिल्या आहेत. त्या पाहून स्वतःहून औषध सुरू किंवा बंद करू नका.

मार्च २०२० मध्ये वडिलांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी) ठरली होती, ती रद्द झाली. त्याच आठवड्यात शेजारच्या काकांची मात्र झाली. पुढे वर्षभर आम्हाला कुणाचा फोन आला नाही. एंडोस्कोपीच आधी का थांबवली? आणि कुणाची करायची हे कशावरून ठरलं? – एक वाचक, सोलापूर

तोंडातून दुर्बीण घालताना रुग्णाला उमासे येतात, खोकला येतो. डॉक्टर आणि नर्स त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर दहा-पंधरा मिनिटं उभे असतात. पोट फुगवायला भरलेली हवा ढेकरांवाटे बाहेर येते. तपासणीसाठी तुकडा काढणारा बायप्सीचा चिमटा मागे ओढला की दुर्बिणीतल्या पोकळ वाटेच्या, म्हणजे चॅनेलच्या, तोंडातून थेंब उडतात. तेव्हा लस नव्हती आणि एन-९५ मास्क आयसीयूलाच पुरत नव्हते. म्हणून मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या चार पोटविकार आणि यकृत संघटनांनी संयुक्त निवेदन काढून, थांबू शकतील त्या तपासण्या पुढे ढकलायला सांगितलं. आपल्याकडेही पोटविकारतज्ज्ञ, एंडोस्कोपी करणारे आणि यकृततज्ज्ञ यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून त्याच वर्षी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. शौचातही विषाणूचा आरएनए सापडल्यामुळे कोलोनोस्कोपीची धास्ती होती. शौचात जिवंत विषाणू क्वचितच मिळतो आणि त्या वाटेने साथ फारशी पसरत नाही, हे नंतर लक्षात आलं.

निवड तीन गटांत झाली. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी होऊन रक्तदाब उतरणं, अन्ननलिकेत अडकलेला घास किंवा मुलाने गिळलेला बटण-सेल, पित्तनलिका तुंबून थंडीताप आणि कावीळ, मोठ्या आतड्याला पडलेला पीळ यांना त्याच दिवशी घ्यायचं. बटण-सेल तर अन्ननलिकेला दोन तासांत भाजू लागतो, तिथे आरटीपीसीआरच्या रिपोर्टची वाट पाहत बसायचं नाही. दुसरा गट काही आठवड्यांचा : गिळताना अडकणं आणि वजन उतरणं, पन्नाशीनंतर कारण न सापडलेली लोहाची कमतरता, ताप नसलेली पण वाढत जाणारी कावीळ, कॅन्सरचा संशय. तिसऱ्या गटात जुनी ॲसिडिटी, आयबीएस (सूज नसताना आतड्याची दुखरी, बिघडलेली हालचाल), पॉलिप (आतड्यातली गाठ) काढल्यानंतरची ठरलेली फेरतपासणी. तुमचे शेजारी बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या गटात होते.

या निवडीत चूक नव्हती. चूक पुढे झाली. बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या गटातल्या तपासण्या पुढे न ढकलता सरळ रद्द केल्या गेल्या. पुढे ढकलणं हा वैद्यकीय निर्णय आहे आणि त्याला तारीख लागते. चांगल्या विभागांनी साधी वही ठेवली होती : तपासणीचं कारण, गट, जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत थांबता येईल, आणि फोन कोण करणार. शिवाय रुग्णाला सांगितलं होतं की शौचात रक्त दिसलं, सहा महिन्यांत पाच किलोच्या आसपास वजन उतरलं किंवा हिमोग्लोबिन घसरलं तर तारखेची वाट न बघता कळवा. अशा नोंदीमुळे तिसऱ्या गटातला माणूस वेळेवर दुसऱ्यात येतो.

तारखेविना थांबण्याची किंमत ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदींत स्पष्ट दिसते. २३ मार्च ते ३१ मे २०२० या काळात तिथल्या एंडोस्कोपी नेहमीच्या सरासरी १२ टक्क्यांवर आल्या, सर्वांत वाईट आठवड्यात ५ टक्क्यांवर. दर आठवड्याला सापडणारे कॅन्सर ५८ टक्क्यांनी घटले. कॅन्सर होणं थांबलं नव्हतं, ते पकडणं थांबलं होतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं सर्वाधिक नुकसान झालं. वडिलांची तपासणी अजून राहिली असेल तर जुना कागद घेऊन या महिन्यात जा आणि 'साथीत राहून गेली' असं आवर्जून सांगा.

आमच्याकडे साथीत स्कोप (दुर्बीण) धुण्यासाठी जास्त तीव्र केमिकल वापरायला सांगितलं होतं. कुणी तर स्कोपवर हायपोक्लोराइट फवारायचे. ते बरोबर होतं का? – एक स्टाफ नर्स, सांगली

नाही. करोनाच्या विषाणूला चरबीचं वेष्टण असतं आणि असे विषाणू मारायला सोपे असतात. हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि क्षयाचे जंतू लक्षात घेऊन जी नेहमीची प्रक्रिया बसवली आहे, तीच नीट केली तर पुरते. १ टक्का हायपोक्लोराइट जमीन आणि टेबलासाठी आहे. स्कोपवर ते धातूला गंज चढवतं, रबरी आवरण खराब करतं, आणि मग बारीक भोकातून आत पाणी शिरून लाखो रुपयांचा स्कोप निकामी होतो.

खरी गडबड केमिकलच्या आधी होते. स्कोप रुग्णातून बाहेर आला की तिथेच, बेडजवळ, एन्झाइमच्या द्रावणात भिजवलेल्या गॉझने नळी पुसायची आणि सक्शन चॅनेलमधून २०० ते २५० मिली द्रावण ओढायचं, स्वच्छ येईपर्यंत. हवा-पाण्याचा चॅनेल वेगळा अडॅप्टर लावून फ्लश करायचा. साथीत हीच पायरी सुटायची. पीपीई किटमध्ये घामाघूम झालेला माणूस स्कोप ट्रेमध्ये ठेवून आधी किट काढायला जायचा, आणि तेवढ्यात आतलं रक्त आणि श्लेष्म वाळायचं. वाळलेल्या थराखाली जंतू आपलं आवरण तयार करतात, मग वीस मिनिटं ग्लुटराल्डिहाइडमध्ये बुडवूनही ते आतच राहतात.

त्यानंतर झाकणाच्या डब्यातून स्कोप धुण्याच्या खोलीत न्या. पाण्यात बुडवण्याआधी लीक टेस्ट, म्हणजे कुठे भोक पडलं आहे का ते बघणं. सगळे व्हॉल्व्ह काढून प्रत्येक चॅनेलमधून ब्रश, तोही पाण्याखाली, म्हणजे तुषार तोंडावर उडत नाहीत. ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत फिरवायचा, 'तीनदा झालं' असं मोजून थांबायचं नाही. हाताने धुणं तपासणीनंतर तासाभरात सुरू व्हायला हवं. ईआरसीपीच्या (पित्तनलिकेत शिरायच्या तपासणीच्या) स्कोपला टोकाशी जी उचलणारी पट्टी असते ती वर आणि खाली अशा दोन्ही स्थितींत घासायची. सगळ्यात जास्त घाण तिच्यामागे अडकते.

मग निर्जंतुकीकरण : २ टक्के ग्लुटराल्डिहाइड २० मिनिटं, किंवा ०.५५ टक्के ऑर्थोथॅलाल्डिहाइड, ज्याला सगळे ओपीए म्हणतात, त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ आणि तापमान. रोज पहिल्या स्कोपआधी टेस्ट स्ट्रिप बुडवून द्रावणाचा जोर बघा. ओले स्कोप बुडवून बुडवून द्रावण पातळ होत जातं, ते चौदा दिवसांची मुदत संपण्याआधीच फेकायची वेळ येऊ शकते. शेवटी गाळलेल्या पाण्याने धुवून, ७० टक्के अल्कोहोल फ्लश करून, दाबाच्या हवेने किमान दहा मिनिटं वाळवा आणि कपाटात उभा टांगा. ओला स्कोप गुंडाळून पेटीत ठेवला तर रात्रभरात सुडोमोनास नावाचा जंतू वाढतो. साथ असो नसो, धुणाऱ्याला फेस शील्ड, जाड हातमोजे आणि प्लास्टिक एप्रन मिळालेच पाहिजेत. बहुतेक विभागांत डॉक्टरच्या किटची काळजी झाली, धुण्याच्या खोलीतल्या माणसाची झाली नाही, आणि याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

माझ्या पतींना सिरॉसिस (यकृत कडक होणं) आहे. साथीत बँडिंग (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी कडी लावणं) पुढे ढकलून नुसत्या गोळ्यांवर ठेवलं होतं. ते धोक्याचं नव्हतं का? – एक वाचक, अमरावती

त्यांना आधी रक्ताची उलटी झाली होती की नव्हती, यावर उत्तर अवलंबून आहे.

कधीच रक्तस्राव झाला नसेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी गोळी हा बँडिंगच्या तोडीचा उपाय आहे, आणि तो साथीच्या आधीपासून मान्य आहे. कार्व्हेडिलॉल साधारण ६.२५ मिग्रॅने सुरू करून सोसवलं तर १२.५ मिग्रॅपर्यंत नेतात. प्रोप्रॅनोलॉल दिलं तर नाडी मिनिटाला ५५ ते ६० च्या दरम्यान आणतात. रोज सकाळी रक्तदाब मोजायचा. वरचा आकडा ९० च्या खाली गेला, लघवी कमी झाली, पोटातलं पाणी औषधांना दाद देईनासं झालं किंवा सोडियम उतरलं तर गोळी कमी किंवा बंद करावी लागते. दमा असेल तर ही औषधं चालत नाहीत. लोक चुकतात ते इथे : नाडी हळू झाली, बरं वाटलं म्हणून गोळी सोडतात. शिरांमधला दाब गोळी चालू असेपर्यंतच उतरलेला राहतो.

एकदा रक्तस्राव होऊन गेला असेल तर मात्र गोळी आणि बँडिंग दोन्ही लागतात, शिरा नाहीशा होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. अशा रुग्णाचं बँडिंग साथीतही थांबवायचं नव्हतं.

साथीतून एक चांगली सवय मात्र पक्की झाली. फायब्रोस्कॅन या बाहेरूनच होणाऱ्या तपासणीत यकृताचा ताठपणा २० किलोपास्कलपेक्षा कमी आणि प्लेटलेट दीड लाखापेक्षा जास्त असतील, तर मोठ्या शिरा असण्याची शक्यता इतकी कमी असते की नुसत्या चाचपणीसाठी दुर्बीण घालावी लागत नाही. हा निकष २०१५ सालचा आहे. तो रोजच्या ओपीडीत खऱ्या अर्थाने २०२० नंतर रुजला. दर वर्षी दुर्बिणीचा सल्ला मिळत असेल तर हे दोन आकडे विचारा.

आणि रक्ताची उलटी झालीच तर घरी बर्फाचं पाणी पाजत बसू नका. डाव्या कुशीवर झोपवा आणि रुग्णालय गाठा. तिथे शिरेतून टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि अँटिबायोटिक लगेच सुरू होतं, दुर्बीण बारा तासांच्या आत.

एच. पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी श्वासाची चाचणी साथीत बंद होती. त्याऐवजी काय करायचे? – एक वाचक, पणजी

रुग्णाला पिशवीत किंवा नळीत जोरात फुंकायला लावणारी चाचणी म्हणून ती थांबवली होती. शौचातलं अँटिजेन तपासणं तेवढंच विश्वासाचं आहे. दोन्हींसाठी ॲसिडिटीच्या पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. रक्तातली अँटिबॉडी तपासू नका. जंतू गेल्यावरही ती बराच काळ राहते.

मुलगा २४ वर्षांचा आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे. करोनात 'प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या' म्हणून त्याने सगळ्या औषधांना सुट्टी दिली आणि आजार उलटला. पुढे अशी साथ आली तर काय करायचं? – एक आई, नाशिक

हे खूप घरांत घडलं. मुळात सगळी औषधं एका माळेत ओवायची नाहीत. मेसालामाइन प्रतिकारशक्ती दाबत नाही, ती कधीच बंद करायची नव्हती. धोका खरा कशात होता, हे जगभरच्या डॉक्टरांनी मार्च २०२० पासून एका सामाईक नोंदवहीत रुग्ण नोंदवून शोधलं. पहिल्या अहवालात ३३ देशांतले ५२५ रुग्ण होते. त्यात स्टेरॉइड घेणाऱ्यांचा करोना जास्त गंभीर झाला, इन्फ्लिक्सिमॅब आणि ॲडॅलिमुमॅब या बायोलॉजिक इंजेक्शनांच्या गटाचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे ज्या महागड्या इंजेक्शनांना लोक घाबरले त्यांच्यापेक्षा घरात पडलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडला घाबरायला हवं होतं. औषध थांबवून आजार उलटला की शेवटी स्टेरॉइडच द्यावं लागतं, आणि टाळायचा तो धोका आपणच ओढवून घेतो.

स्टेरॉइड चालू असेल तर एकदम बंद करू नका. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात. साधारणपणे ४० मिग्रॅपासून दर आठवड्याला ५ मिग्रॅ उतरवतात.

साथीचा संसर्ग झालाच, तर अझाथायोप्रिन, टोफासिटिनिब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आणि पुढचं बायोलॉजिक इंजेक्शन डॉक्टरांना विचारून बरं होईपर्यंत थांबवतात. मेसालामाइन चालूच. करोनाच्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लसी अशा रुग्णांना चालतात, कारण शरीरात वाढू शकणारा जिवंत विषाणू त्यांत नाही.

आजाराचा अंदाज घ्यायला दर वेळी कोलोनोस्कोपी लागत नाही, हा साथीचा मोठा धडा. आतड्याच्या सुजेने शौचात वाढणारं कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन ५० च्या खाली असेल तर आतडं शांत आहे, २५० च्या वर असेल तर बहुधा सुजलेलं आहे. नमुना सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्या, लॅबला पोचेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो. आपल्याकडे आमांश आणि जिवाणूंच्या जुलाबांनीही वाढतो, म्हणून आकडा वाढला की आधी शौचाची कल्चर तपासणी, मग औषध वाढवणं.

एक सीमा मात्र पाठ करून ठेवा. दिवसातून सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब आणि सोबत नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, यातलं एकही असेल तर ते फोनवर सोडवायचं दुखणं नाही. साथ कितीही भरात असली तरी ॲडमिट करायचं.

आम्ही घरातले सगळे दोन वर्षं गुळवेलीचा काढा घेत होतो. बहिणीचे यकृताचे रिपोर्ट बिघडले आणि डॉक्टरांनी काढा बंद करायला लावला. झाडपाल्याने यकृत कसं बिघडेल? – एक वाचक, रत्नागिरी

डॉक्टरांनी योग्य सांगितलं. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना २०२० च्या अखेरीस कावीळ झालेले असे रुग्ण दिसू लागले, ज्यांच्यात हिपॅटायटिस ए, बी, सी, ई काहीच नव्हतं आणि दारूही नव्हती. समान धागा होता गुळवेलीचा काढा, चूर्ण किंवा गोळ्या. अशा सहा रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठोपाठ देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली. यकृताचा तुकडा तपासल्यावर बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र दिसलं, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उठलेली. यकृताचा जुना आजार ज्यांना होता त्यांचे हाल अधिक झाले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली, गुळवेल सुरक्षित असून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असं म्हटलं. घरात काढा उकळणाऱ्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच निघतो : पातेल्यात काय आणि किती आहे हे त्याला सांगता येत नाही.

बहिणीचा काढा बंद झाला आहेच. आता एसजीपीटी (यकृताला झालेली इजा), बिलिरुबिन (कावीळ) आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) सुरुवातीला दर आठवड्याला बघायचं. बहुतेकांचं यकृत काही आठवडे ते काही महिन्यांत सावरतं. काहींना स्टेरॉइड लागतं, म्हणून एएनए आणि आयजीजी या प्रतिकारशक्ती उलटली आहे का ते दाखवणाऱ्या चाचण्या करून घ्या. बिलिरुबिन चढत असताना आयएनआर १.५ च्या वर गेला, किंवा ती दिवसा झोपाळू आणि असंबद्ध वाटू लागली, तर यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवायला एक दिवसही लावू नका. पुन्हा 'थोडासा घेऊन बघू' असं करायचं नाही. दुसऱ्यांदा प्रतिक्रिया जास्त लवकर आणि जोरात येऊ शकते.

डॉक्टरांनाही एक सांगणं. 'कोणती औषधं चालू आहेत?' असं विचारलं तर काढा कधीच निघत नाही, कारण घरात त्याला कुणी औषध म्हणत नाही. 'सकाळी उठल्यापासून चहाशिवाय काय काय पोटात जातं?' असं विचारा. मग गुळवेल, आवळ्याचा रस, प्रोटीन पावडर, गुडघ्याची पुडी सगळं बाहेर येतं. बाटली, पुडी, वेलीचा तुकडा घेऊन यायला सांगा.

फोनवर किंवा व्हिडिओवर पोटाचा आजार खरंच तपासता येतो का? – एक वाचक, लातूर

अर्धा. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊन लागू झालं त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची (दूरून उपचारांची) राष्ट्रीय नियमावली आली आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेची ओपीडी. नियमावलीने डॉक्टरला दूरून सल्ला देण्याची चौकट दिली. नार्कोटिक आणि सायकोट्रॉपिक कायद्यातली औषधं मात्र दूरून लिहिता येत नाहीत, आणि सिरॉसिसच्या रुग्णाच्या दृष्टीने ते चांगलंच आहे, झोपेच्या गोळीने तो बेशुद्धीकडे जाऊ शकतो.

दूरून काय नीट जमतं? सिरॉसिसचा पाठपुरावा फार चांगला जमतो. रोज सकाळी लघवीनंतर, एकाच काट्यावर वजन. पोटातलं पाणी उतरवण्याच्या गोळ्या चालू असताना पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलोपेक्षा जास्त वजन उतरू नये, सूज असेल तर एक किलो. त्याहून वेगाने उतरलं की मूत्रपिंडाला फटका बसतो. व्हिडिओवर रुग्णाला दोन्ही हात पुढे करून, मनगट मागे वळवून, बोटं पसरून अर्धा मिनिट धरायला सांगतात. हात पंखांसारखे फडफडले तर मेंदूवर परिणाम सुरू झाला आहे. डोळ्यांतला पिवळेपणा दाखवायचा तर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली सगळेच कावीळ झालेले दिसतात. काळ्या शीचा फोटो काढताना सोबत सांगा की लोहाची गोळी चालू आहे का. लोहाने शी काळपट-हिरवी आणि घट्ट होते, रक्ताने चकचकीत, चिकट आणि अतिशय दुर्गंधी.

जमत नाही ते म्हणजे पोट दाबून बघणं. नातेवाइकाला दाबायला सांगून ॲपेंडिक्सचं निदान करू नये. नवीन, सतत वाढणारी पोटदुखी प्रत्यक्षच दाखवायची.

करोना झालेल्याला पोटात प्रचंड कळा आल्या, सोनोग्राफी नॉर्मल आली, आणि दोन दिवसांनी आतडं कुजल्याचं निघालं. हे आधी कळू शकलं असतं का? – एक फॅमिली डॉक्टर, परभणी

करोनात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि आतड्याच्या मुख्य धमनीत गुठळी अडकू शकते. ओळखण्याची खूण एकच धरून ठेवा : रुग्ण कळांनी तळमळतो आहे आणि पोट मात्र हाताला मऊ लागतं आहे. पोट कडक होईपर्यंत थांबलात तर आतडं गेलेलं असतं. सोनोग्राफीवर विसंबू नका, सीटी अँजिओग्राफी (रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी) लागते. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन थोडं वाढलं आहे म्हणून ती टाळू नका. रक्तपुरवठा तुटल्यावर वाढणारं लॅक्टेट सुरुवातीला नॉर्मल असू शकतं. तुमच्या हातात सीटी नसेल तर हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबद्दल फोनवर विचारून, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी तासाभरात पाठवा. स्टेरॉइड मिळालेल्या मधुमेही रुग्णात आतड्याला भोक पडलं तर म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) मनात ठेवा आणि काढलेला भाग बुरशीसाठी पॅथॉलॉजिस्टकडे आवर्जून तपासून घ्या.

तालुक्याच्या ठिकाणी छोटी एंडोस्कोपी रूम आहे. निगेटिव्ह प्रेशरचा (आतली हवा दारातून बाहेर न पसरू देणाऱ्या यंत्रणेचा) खर्च झेपत नाही. पुढच्या साथीसाठी कमी खर्चात काय करता येईल? – एक डॉक्टर, सातारा जिल्हा

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, नवीन आत आणत नाही. गरज आहे ती हवा बाहेर काढण्याची. हिशोब सोपा आहे. खोली १२ बाय १५ फूट आणि उंची १० फूट असेल तर आत १८०० घनफूट हवा आहे. तासाला १२ वेळा ती बदलायची तर मिनिटाला ३६० घनफूट ओढणारा एक्झॉस्ट पंखा हवा. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि पाइप लागले की घटतो, म्हणून दीडपट क्षमतेचा घ्या. तासाला १२ बदलांत खोलीतले ९९ टक्के कण जायला साधारण २३ मिनिटं लागतात, ९९.९ टक्के जायला ३५. सहाच बदल होत असतील तर हेच ४६ आणि ६९ मिनिटं. दोन रुग्णांमधलं अंतर या आकड्यांवरून ठरवा.

पंखा रुग्णाच्या डोक्याकडच्या भिंतीत, बाहेरच्या मोकळ्या जागेत उघडणारा हवा. व्हरांड्यात किंवा वेटिंगच्या खिडकीशेजारी उघडला तर त्रास दुसऱ्यांच्या अंगावर ढकलला जातो. तपासणीवेळी खोलीत डॉक्टर, एक नर्स आणि गरज असली तरच भूल देणारे. घशात बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा मारला की खोकल्याची उबळ येते, त्याऐवजी जेली चघळायला द्या. माउथपीसवरून मध्ये चीर दिलेला सर्जिकल मास्क चढवला तर उडणारे थेंब बरेच अडतात. चिमटा ओढून घेताना चॅनेलच्या तोंडावर ओला गॉझ धरा.

सगळं बसवल्यावर दार लावून, पंखा चालू करून, बाहेरून दाराच्या फटीजवळ पेटलेली अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर व्यवस्था चालते आहे. धूर जागीच घुटमळला किंवा उलट बाहेर आला, तर पंख्याला ओढायला हवाच मिळत नसावी, दाराखाली दोन-तीन बोटं फट ठेवा. तरीही फरक पडला नाही तर फॉल्स सीलिंगमधून किंवा बाथरूमच्या झडपेतून हवा येते आहे का ते अगरबत्ती तिथे नेऊन बघा आणि ती वाट बंद करा.